दीड बोट

परताळ्याच्या अंगाला गाळ काढायचं काम चाललं होतं.
मंगळवारी पोकलॅनच्या दाताला काहीतरी अडकलं.
बाबालालनं मशीन बंद केलं, म्हणाला, लाकूड हाय.
मग खाली उतरला, नुसत्या हातानं उकरत राहिला
आणि हळूच म्हणाला, बोट हाय ही.

मला निरोप आला तिसऱ्या दिवशी.
सुबराव सुताराची पोरगी म्हणून ओळखणारं
पेठेत आता फारसं कोणी नाही.
दिनकर भोई आहे. त्यानं लांबनंच हात केला,
जणू काल दुपारीच बुडाली
आणि मी मधे गंगावेशीत दूध आणायला गेले होते.

बेचाळीस वर्षं.
पट्टे घातले, क्रेननं ओढ दिली, चिखल सोडीना.
सोडताना चिखलाला एक आवाज असतो,
म्हैस पाण्यातनं पाय उपसते तसा.
वर आली तेव्हा अंगावर केंदाळाच्या मुळ्या,
कुणाची तरी एक चप्पल,
आणि त्याखाली सागवान,
आप्पांच्या रंध्याखालचं, अजून गुळगुळीत.

सगळे एकच शोधत होते : फुटली कुठं?
फळीला फळी अशी बसलेली की मधे नख जाईना.
कापूस आणि राळ जागच्या जागी.
मग बुडाली कशी गा, दिनकर भोई म्हणाला,
कुणालाच नाही, गाळाकडं बघून.

पेठेतली थट्टा तुम्हाला माहीत नसेल.
सुबरावानं बोट पाण्यात घातलं, म्हणायचे,
ते वर आलं, ती नाही आली.
पानपट्टीवर, तालमीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत.
आप्पा हसायचे. सुपारी कातरत, खरंच हसायचे.
नंतर त्यांनी पाट केले, पोळपाट, चौरंग, देव्हारे,
पाण्याला लागेल असं काही नाही.
हंड्यावरचं झाकणसुद्धा
दुसऱ्या सुताराकडनं विकत आणायचे.

बुचाचं भोक मला न बघताही सापडलं असतं.
दीड बोट रुंद. आत गाळ घट्ट बसलेला.
मी काडीनं उकरून काढला.
काय करतेस, असं कोणी विचारलं नाही.

आठ वर्षांची होते.
बूच बाभळीचं होतं, खाली निमुळतं होत गेलेलं,
आर ठोकायचीच काय ती राहिली होती.
आदल्या संध्याकाळी ते मी काढून घेतलं,
भोकात कुंभार गल्लीतली माती दाबून भरली
आणि अंगठ्यानं सारखी केली.
काम अर्धवट सोडायचं नाही,
एवढं घरात बघून शिकले होते.

माती तळ्याच्या मध्यापर्यंत टिकली.
चौघं पोहत काठाला आले. कुणाला काही झालं नाही.
हे वाक्य मी रात्री अजून म्हणते.

भोवरा दोन दिवस फिरला. चांगला फिरला.
मग हरवला, असं मी धरून चालले.

आप्पा गेले त्याला अकरा वर्षं झाली.
तेरावं उरकल्यावर त्यांची पेटी उघडली :
वाकस, तीन पटाश्या, गिरमिट,
पेन्सिलीचं थोटूक,
आणि तळाशी तेलकट फडक्यात तो.
आर उपटून काढलेली.
आरीच्या जागी लाकडाची बारीक खुंटी ठोकून
वरनं पॉलिश कागद मारलेला.
पुन्हा बूच केलेलं.
कधी केलं? कुठल्या साली?
आणि त्या दिवशी रात्री जेवताना
माझ्याकडं बघून काय बोलले असतील,
मीठ दे, एवढंच का?

आज ते माझ्या पदराच्या गाठीत होतं.

बोट ट्रॉलीवर ठेवली.
पोटातलं पाणी त्या भोकातनं गळायला लागलं,
काळं, बारीक धारेनं, रस्त्यावर.
गाठ सुटेना. मी बोट लावलं.
धार थांबली.

दिनकर भोई कधीपास्नं बघत होता कोण जाणे.
राहू दे पोरी, म्हणाला,
आधी रिकामी होऊ दे.

मी बोट काढलं.